आजीची लघवीची गोळी: कबड्डीतलं एक डोपिंग प्रकरण

मंडळाच्या सेक्रेटरींनी मोबाइल माझ्या हातात दिला. "हे कसलं औषध आहे, बघा जरा. पोरगा शपथेवर सांगतोय, इंजेक्शन घेतलेलं नाही म्हणून."

ईमेल नाडाचा होता, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचा. मुलाच्या नमुन्यात फ्युरोसेमाइड सापडलं होतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, औषधं लिहून देणं माझं काम नाही. तरी हे नाव मला ओळखीचं होतं. ज्या घरात हृदयाचा किंवा किडनीचा जुना पेशंट असतो, त्या घरात ही गोळी असतेच. फ्युरोसेमाइड तिला कुणी म्हणत नाही. लघवीची गोळी म्हणतात.

पोरगा खरंच बोलत होता. इंजेक्शन त्याने घेतलं नव्हतं.

हे प्रकरण मुलाला आणि त्याच्या वडिलांना विचारून लिहितो आहे. मंडळ, स्पर्धा आणि वजनाचा आकडा मुद्दाम सांगितलेला नाही, काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा, बारावीत. लालबाग-परळच्या चाळीतली एक खोली, त्यात आईवडील, धाकटी बहीण आणि आजी. मैदान घरापासून पाच मिनिटांवर. डाव्या कोपऱ्यात खेळायचा आणि पायाची पकड अशी, की मोठ्या गटातले चढाईपटूसुद्धा त्याच्या बाजूला बोनस मारायला दोनदा विचार करायचे.

आमच्या भागात पोराच्या कबड्डीकडे आईबाप नोकरीचा अर्ज म्हणूनच बघतात. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, बँका, पोलीस यांचे संघ आहेत. बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात. गल्लीतला एक जण कबड्डीवर नोकरीला लागला की पुढची दहा वर्षं त्याचं उदाहरण दिलं जातं. या मुलाच्या वडिलांनी त्याला रोजची चार अंडी सुरू केली होती. त्यासाठी स्वतःचं काय बंद केलं, ते मला बरंच नंतर कळलं.

लहान गटांत वयाबरोबर वजनाचीही अट असते. सतराव्या वर्षी मुलगा उंचीने आणि अंगाने वाढतोच, त्यात अंडी. निवड चाचणीच्या वेळी तो मर्यादेच्या आत जेमतेम बसला होता. परराज्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेला निघायच्या दहा दिवस आधी तो पावणेतीन किलो वर होता.

पॅरिस ऑलिंपिक होऊन काही महिनेच झाले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या सकाळी विनेश फोगाटचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं आणि ती बाद झाली, हे मैदानावरच्या लहानात लहान पोरालाही पाठ होतं. प्रशिक्षक, म्हणजे पोरांचे 'सर', रोज तेच ऐकवायचे. "शंभर ग्रॅमने काय होतं बघितलंस ना? तू तर पावणेतीन किलो घेऊन फिरतोयस."

अडचण कशी उभी राहिली

पहिले आठ दिवस नेहमीचे उपाय झाले. भात-पोळी बंद. रात्री फक्त काकडी. टी-शर्टवर रेनकोट चढवून मैदानाला फेऱ्या. मुंबईच्या दमट हवेत हा प्रकार किती धोक्याचा असतो, हे मला माहीत होतं. हवा दमट असली की घाम वाळत नाही. घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही, पाणी मात्र जातच राहतं. १९९७ साली अमेरिकेत वजन उतरवण्याच्या नादात पाच आठवड्यांच्या आत तीन कॉलेज कुस्तीगीर गेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना यांच्यावर बंदी आली. एका संध्याकाळी मी त्याला रेनकोटात धावताना पाहिलं. "पाणी पीत जा रे," एवढंच म्हणालो आणि दुसऱ्या मुलाचा घोटा बांधायला गेलो.

निघायच्या आदल्या दिवशी तो अजून दीड किलो वर होता. सर त्याला बाजूला घेऊन बोलले. नेमकं काय बोलले, याच्या दोन आवृत्त्या आहेत. मुलाने मला सांगितलं ते असं: "घरात कुणाला लघवीची गोळी चालू आहे का बघ. माझ्या वेळी आम्ही तेच करायचो." सरांचं म्हणणं, त्यांनी फक्त पाणी कमी प्यायला सांगितलं.

आजीला हृदयाचा त्रास, पाय सुजायचे. पालिकेच्या रुग्णालयातून आणलेल्या तिच्या गोळ्या बिस्किटाच्या जुन्या डब्यात, देव्हाऱ्याखालच्या फळीवर असायच्या. त्याने चाळीस मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या पाकिटातून कापून घेतल्या. कापलेली कड नीट दुमडून पाकीट पुन्हा जागेवर ठेवलं. हे त्याने स्वतःच मला सांगितलं, आणि 'दुमडून' हा शब्द सांगताना थांबला.

एक गोळी वजनाच्या आदल्या रात्री नऊला घेतली, दुसरी पहाटे चारला. ही गोळी मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवू देत नाही. मिठामागून पाणी जातं आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही. अर्ध्या-पाऊण तासात काम सुरू होतं आणि पाच-सहा तास चालतं. रात्रभर तो वसतिगृहाच्या संडासाकडे ये-जा करत होता. सकाळी काट्यावर वजन मर्यादेच्या तीनशे ग्रॅम आत भरलं. सरांनी पाठीवर थाप मारली.

दुपारच्या सामन्यात उत्तरार्धात त्याच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. पोटॅशियम आणि पाणी गमावलेल्या शरीराचं याहून वेगळं काय होणार? संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला. बाहेर पडताना एका गृहस्थांनी ओळखपत्र दाखवून त्याला थांबवलं: डोप चाचणी.

चाचणीसाठी किमान ९० मिलिलिटर लघवी लागते. रात्रभर धावलेल्या या पोराला आता थेंब येईना. सीलबंद पाण्याच्या बाटल्या पीत तो दोन तास बसून होता. वय अठराच्या आत असल्यामुळे सोबत मोठं माणूस असण्याची मुभा होती. संघ व्यवस्थापक होते, पण फोनवर गाडीचं आरक्षण बघत होते. फॉर्म इंग्रजीत. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं लिहायची जागा होती. त्याने 'प्रोटीन' एवढंच लिहिलं आणि सही केली.

नियम काय म्हणतो

वजन उतरवायच्या गोळीने ताकद वाढत नाही, मग तिच्यावर बंदी कशाला, असं वडिलांनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. कारणं दोन. वजनगटाच्या खेळात ही गोळी घेणारा आपल्यापेक्षा हलक्यांत जाऊन खेळतो. दुसरं म्हणजे लघवी पातळ झाली की तिच्यातली इतर औषधं सापडायला अवघड जातात. म्हणून जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, वाडाच्या, यादीत अशी सगळी औषधं 'मूत्रल (म्हणजे लघवी वाढवणारी) आणि लपवणारी द्रव्यं' या गटात आहेत आणि बंदी बारमाही आहे, स्पर्धा असो वा नसो.

शेन वॉर्नचं प्रकरण याच जातीचं. २००३ च्या विश्वचषकाच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मूत्रल औषध सापडलं. आईने दिलेली गोळी होती, बारीक दिसावं म्हणून घेतली, असं तो म्हणाला. एक वर्ष बाहेर बसला. त्याच्याकडे आई होती, आमच्याकडे आजी.

मूळ तत्त्व असं, की तुमच्या शरीरात जे सापडेल त्याला जबाबदार तुम्ही. हेतू काय होता, चूक किती मोठी होती, हे फक्त शिक्षा किती याचा विचार करताना बघतात. फ्युरोसेमाइड 'विशिष्ट' द्रव्यांत मोडतं. म्हणजे हेतुपुरस्सर घेतल्याचं सिद्ध झालं नाही, तर बंदी जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि चूक फार मोठी नव्हती असं पटवून देता आलं तर ती नुसती समज देऊन सोडण्यापर्यंत खाली येऊ शकते.

समोर असलेले पर्याय

ईमेल बहिणीच्या फोनवर उघडलेल्या पत्त्यावर आला होता आणि नऊ दिवस कुणी पाहिलाच नव्हता. त्यामुळे विचाराला वेळ कमी होता. मंडळाच्या ऑफिसात, सत्यनारायणाच्या वर्गणीच्या पावत्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, आम्ही सहा जण बसलो. मुलगा दाराशी उभा.

पहिलं मत एका जुन्या खेळाडूचं: कुणीतरी पाण्यात काहीतरी टाकलं म्हणून सांगायचं. त्याच्या डोळ्यांसमोर नरसिंग यादव होता. कांदिवलीत घडलेला, तीनदा महाराष्ट्र केसरी. २०१६ मध्ये रिओच्या आधी त्याच्या नमुन्यात मेथँडिएनोन हे स्टेरॉइड सापडलं, घातपात झाल्याचं त्याचं म्हणणं नाडाच्या पॅनेलने मान्य केलं, पण रिओमध्येच क्रीडा लवादाने ते फेटाळून चार वर्षांची बंदी घातली. मी म्हणालो, त्याच्यामागे अख्खा कुस्ती महासंघ उभा होता तरी हे झालं. आपल्याकडे तर घातपात नाहीच, आणि आहे म्हणणं म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला सहीनिशी खोटं बोलायला लावणं.

दुसरं मत: प्रोटीनच्या डब्यात भेसळ होती म्हणायचं. फॉर्मवर 'प्रोटीन' लिहिलेलंच आहे. हे ऐकायला सोयीचं होतं. पण औषध कारखान्यांतल्या भेसळीचा प्रश्न वाडाने आधीच ओळखलेला आहे आणि फ्युरोसेमाइडसारख्या काही मूत्रल औषधांसाठी मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमच्या खालचा अंश कळवायचाच नाही, अशी व्यवस्था केली आहे. या मुलाने दोन अख्ख्या गोळ्या गिळल्या होत्या, भेसळीच्या अंशावर ते खपणार नव्हतं.

तिसरं: 'ब' नमुना, म्हणजे त्याच लघवीची राखून ठेवलेली दुसरी बाटली, तपासून घ्यायचा. हक्क आहे, पण पैसे आपण भरायचे आणि उत्तर काय येणार ते मुलाला माहीत होतं. दहा मिनिटं सगळ्यांचं बोलून झाल्यावर तो दाराशीच उभं राहून म्हणाला, "काका, नको. मी घेतलीय." ऑफिसात त्याचा तेवढाच आवाज ऐकला मी.

मग उरलं खरं सांगणं. त्यातही दोन वाटा होत्या, आणि या प्रकरणातली खरी अडचण तिथे होती. मुलाने गोळी घेतली एवढंच सांगायचं, की सरांनी सुचवलं तेही सांगायचं?

जे केलं ते

ओळखीतल्या एका वकीलबाईंनी फी न घेता कागद पाहिले. मुलगा अठराच्या आतला, नाडाच्या नोंदणीकृत चाचणी यादीत नसलेला, खुल्या गटात आंतरराष्ट्रीय न खेळलेला. म्हणजे वाडाच्या नियमावलीच्या भाषेत 'संरक्षित व्यक्ती'. अशा खेळाडूला औषध शरीरात कसं गेलं हे सिद्ध करण्याची सक्ती नसते, जी मोठ्या खेळाडूवर असते. त्याचं नाव जाहीर करणंही बंधनकारक नसतं. दुसऱ्या बाजूला, संरक्षित व्यक्तीच्या प्रकरणात त्याच्या प्रशिक्षकाची आणि सोबतच्या माणसांची चौकशी आपोआप होते. मुलाला बंदी असलेलं औषध दिल्याचं सिद्ध झालं, तर प्रशिक्षकाला होणारी शिक्षा मुलाच्या शिक्षेहून कितीतरी कडक असते.

वकीलबाईंनी हे सगळं समजावून सांगितलं आणि निर्णय घरच्यांवर सोडला. वडील रात्रभर जागे होते. सर त्याच गल्लीतले, सरांच्या बायकोने मुलीच्या बारशाला कुंची शिवून दिलेली. सकाळी वडील म्हणाले, "पोराने आपलं कबूल करावं. दुसऱ्याचं नाव घ्यायची आपल्याला सक्ती नाही ना? मग नको." मुलगाही तेच म्हणाला, बहुधा वडिलांच्या आधीच ठरवून.

मी विरोध केला नाही. कायद्यात बसत होतं, घरात शांतता राहणार होती, आणि मला स्वतःलाही सरांशी रोज मैदानावर भेटायचं होतं. हे तिसरं कारण मी तेव्हा मोजलं नव्हतं.

मुलाने लेखी कबुली दिली: वजन उतरवायला आजीच्या दोन गोळ्या घेतल्या, बंदी आहे हे माहीत नव्हतं, फॉर्मवर लिहायचं राहिलं. तात्पुरतं निलंबन त्याने स्वतःहून स्वीकारलं. अशा द्रव्यासाठी ते सक्तीचं नसतं, पण स्वीकारलेले दिवस पुढच्या बंदीतून वजा होतात, आणि ते आमच्या कामी आलं. आजीच्या औषधांचे कागद आणि गोळ्यांचं पाकीट पुरावा म्हणून लागेल, म्हणून सेक्रेटरींनी ते फाइलमध्ये घालून कपाटात ठेवलं.

इथे एक चूक झाली आणि ती कुणाच्या लक्षात यायला बारा दिवस लागले. आजी गोळी घेतच नव्हती. पाकीट गेलं होतं, नवं आणायचं कुणाला सुचलं नाही, आणि तिने मागितलं नाही. आपल्या गोळीने नातवाचं वाटोळं केलं, ही तिची समजूत. पाय गुडघ्यापर्यंत सुजले, एका रात्री आडवं झालं की दम लागायला लागला, तेव्हा टॅक्सीत घालून नेलं. चार दिवस वॉर्डात होती. पाकिटाचा फोटो पुरला असता.

निकाल

सुनावणी व्हिडिओवर झाली, सेक्रेटरींच्याच मोबाइलवर, कॅलेंडरच्या भिंतीला टेकवून. पॅनेलने मुलाला मराठीत बोलू दिलं आणि वकीलबाईंनी भाषांतर केलं. गोळी कोणी सुचवली, असं विचारलं गेलं. "माझं मीच," तो म्हणाला. डोपिंगबद्दल कधी कुणी माहिती दिली होती का, हेही विचारलं. नाही, हे उत्तर खरं होतं आणि बहुधा त्यानेच वजन टाकलं.

आठ महिने बंदी, निलंबन स्वीकारलेल्या दिवसापासून. पृथ्वी शॉलाही २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटलिनसाठी आठच महिने मिळाले होते. हे मैदानावर कुणीतरी शोधून काढलं आणि पोरं त्याला काही दिवस 'शॉ' म्हणत होती. त्याला ते आवडलं नाही, मलाही नाही. एकाच खेळाडूचा दोष असल्याने संघाचा निकाल तसाच राहिला. त्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर बारावीचे सवलतीचे गुण मागायचे नाहीत, असं घरच्यांनी स्वतःहून ठरवलं.

बंदी म्हणजे फक्त सामने नाहीत, हे आम्हाला उशिरा उमगलं. संघटनेशी संलग्न मंडळाच्या सरावालाही जाता येत नाही. बंदीचा शेवटचा चौथा हिस्सा किंवा शेवटचे दोन महिने, यातलं जे कमी असेल तेवढंच आधी परतता येतं. त्याच्या बाबतीत दोन्ही हिशेब सारखेच निघाले. म्हणजे सहा महिने तो मैदानाच्या गजाबाहेरून बघत होता. श्रावणात त्याने मला विचारलं, "काका, गोविंदाला तरी जाऊ का?" ती काही संघटनेची स्पर्धा नव्हती. मी हो म्हणालो. पहिल्या थरात उभा राहिला, त्या वजनाची तिथे कुणाला अडचण नव्हती.

सरांची चौकशी आली. त्यांनी लिहून दिलं की त्यांना काही माहीत नव्हतं. विरुद्ध सांगणारं कुणी नव्हतं, कारण आम्हीच तसं ठरवलं होतं. मंडळाने त्यांना कुमार संघावरून काढलं, कागदावर कारण न लिहिता. आता ते दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या मैदानावर शिकवतात. तिथेही वजनगट आहेत.

निर्णयाच्या जागा, आज मागे वळून बघताना

सगळ्यात आधीची जागा निवड चाचणीनंतरचा आठवडा. वाढत्या वयाचा मुलगा मर्यादेवर टेकलेला दिसत होता, स्पर्धेला तीन महिने होते. त्याच दिवशी त्याला वरच्या गटात खेळवायचं ठरवता आलं असतं. वरच्या गटात त्याला राखीव बसावं लागलं असतं, एवढंच. हा पर्याय कुणी मांडला नाही, कारण इथल्या गटात तो पहिल्या सातांत होता.

दुसरी जागा माझी. रेनकोट दिसला तेव्हा घोटा बांधायचं काम पाच मिनिटं थांबू शकत होतं.

तिसरी, चाचणीची खोली. व्यवस्थापकांनी फोन खाली ठेवून त्या एका रकान्याचा अर्थ सांगितला असता आणि मुलाने गोळी लिहिली असती, तरी नमुना सदोषच ठरला असता. पण लपवलं नाही, हे पहिल्या दिवसापासून कागदावर आलं असतं. वकीलबाईंच्या मते त्याचा एक-दोन महिन्यांचा तरी फरक पडला असता.

चौथ्या जागेवर माझं आणि वडिलांचं अजून एकमत नाही. ते म्हणतात, पोराने कुणाची भाकरी घालवली नाही, यात समाधान आहे. मी म्हणतो, सतरा वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाला पाठीशी घातलं आणि आम्ही सहा मोठ्यांनी ते घालू दिलं. सरांचं नाव सांगणं हे मुलावर टाकायलाच नको होतं. आमच्यापैकी कुणीतरी, वेगळं पत्र लिहून, चौकशीत सांगायला हवं होतं. असं पत्र लिहायला आजही मुदत संपलेली नाही. माझ्या टेबलाच्या खणात एक कच्चा मसुदा आहे, तारीख घातलेली नाही.

मुलगा परतलाय. खुल्या गटात खेळतो, तिथे पुरेशी सवलत आहे वजनाला. मंडळाने मैदानावर काटा आणला, दर सोमवारी सगळ्यांची वजनं वहीत लिहिली जातात. वही मीच ठेवतो. मागच्या सोमवारी एक चौदा वर्षांचा पोरगा काट्यावर चढायच्या आधी चपला, घड्याळ आणि गळ्यातला गंडा काढून ठेवत होता. किती वर आहेस, विचारलं. म्हणाला, "सहाशे ग्रॅम. काका, सरांना नका सांगू." या वेळी त्याला बाजूच्या बाकावर बसवलं आणि आधी तांब्याभर पाणी दिलं.